आजी म्हणायची तो सण: बेने इस्राएल घरात सण नव्याने सुरू करायचे असतील तर

माझा भाचा ठाण्यात वाढला. नोकरीनिमित्त बंगळुरूला गेला आणि तिथून एक दिवस फोन करून म्हणाला, "मावशी, ऑफिसात विचारतात तुमचे सण कुठले, तर मी हनुक्का सांगतो. पण तो आपल्या घरी कधी झालेला मला आठवतच नाही." बरोबरच आहे, कसा आठवेल? हनुक्का, म्हणजे यहुद्यांचा दिव्यांचा सण, आमच्या कोकणातल्या पूर्वजांना ठाऊक नव्हता. बेने इस्राएलांच्या, म्हणजे आम्हा कोकणातल्या मराठी यहुद्यांच्या, घरात तो फार उशिरा, बाहेरच्या यहुदी जगाशी संबंध आल्यावर शिरला. इंटरनेटवर मात्र सगळ्यात जास्त तोच दिसतो.

ज्यांच्या घरात सण अर्धवट उरले आहेत, जे लग्न करून या घरात आले आहेत, किंवा ज्यांना शुक्रवारी संध्याकाळी आजी दिवा लावायची एवढंच आठवतं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी हझ्झान (प्रार्थना चालवणारा) नाही आणि हिब्रूची पंडितही नाही. धर्मशास्त्राचा प्रश्न अडला तर सिनेगॉगमधल्या, म्हणजे आमच्या प्रार्थनागृहातल्या, जाणत्या माणसालाच विचारा. मी सांगणार आहे ते घरातलं.

आधी नावं गोळा करा

पुस्तक नंतर उघडा. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ बसा आणि सणांची मराठी नावं विचारा. रोश हशाना, आमचा वर्षारंभ, म्हणजे नव्याचा सण. योम किप्पूर, प्रायश्चित्ताच्या उपासाचा दिवस, म्हणजे दार फाळणीचा सण, इथे फाळणं म्हणजे बंद करणं. पुरीमला आमच्याकडे होळीचा सण म्हणत. हिब्रू पंचांगातल्या आव महिन्याच्या नवमीचा शोकाचा दिवस, तिशा बआव, तो बिरड्याचा सण. तिश्री महिन्यात नव्या पिकाची खीर व्हायची तो खिरीचा सण. किप्पूरच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. एलूल महिन्यातल्या उपासांना तर चक्क रमजान म्हणायचे! शेजारी मुसलमान होते, शब्द त्यांचा घेतला, उपास आपले ठेवले.

या नावांची लाज वाटून घेऊ नका. लहानपणी मला वाटायची, कारण बाहेरून आलेले शिकवणारे 'खरं नाव' सांगायचे आणि आजीचं नाव खेडवळ ठरायचं. आता उलट वाटतं. कोकण किनाऱ्यावरच्या नावगावजवळ जहाज फुटलं, सात जोडपी वाचली आणि पोथ्या समुद्रात गेल्या, अशी आमची मूळकथा सांगते. गावोगाव तेलाचे घाणे चालवणारी आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारी ही माणसं, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. पोथी नसताना त्यांनी सण जपले ते पदार्थांतून आणि दारं-खिडक्यांतून. ज्या गोष्टीवरून सण ओळखायचा, तिचंच नाव त्यांनी सणाला दिलं.

पेसाहचं जुनं नाव घ्या, अनाशी ढाकाचा सण. आंबट पाण्याचं एक भांडं घरात असायचं, ते या दिवसांत झाकून ठेवायचं. मिसरमधून, म्हणजे इजिप्तमधून, घाईघाईने निघालेल्या पूर्वजांची कणीक फुगायला वेळ मिळाला नाही, म्हणून पेसाहच्या दिवसांत आंबवलेलं वर्ज्य. कोकणात ही गोष्ट बहुतेक पुसली गेली होती, झाकण ठेवायचं तेवढं हाताला आठवत होतं. मला हे नाव सगळ्यांत प्रिय आहे, कारण आपली स्थितीही तीच आहे. कारण विसरलो आहोत, झाकण कुठे असायचं ते कुणाला तरी आठवतंय.

म्हणून आजीला "या सणाचा अर्थ काय?" असं विचारू नका. ती "देवाचं असतं बाबा" म्हणेल आणि विषय संपेल. त्या दिवशी काय शिजायचं, कोण काय करायचं आणि काय करायचं नाही, एवढंच विचारा. तिसऱ्या प्रश्नावर आज्या खुलतात.

दिवस सूर्यास्ताला सुरू होतो

नवशिक्यांची पहिली चूक इथेच होते. कॅलेंडरवर मंगळवार लिहिलेला सण सोमवारी संध्याकाळी सुरू झालेला असतो. मोबाइलमध्ये नोंद करताना आदल्या संध्याकाळची करा.

तारखा दर वर्षी सरकतात याचं मराठी माणसाला नवल वाटायचं कारण नाही. हिब्रू पंचांगही चंद्राच्या महिन्यांवर चालतं आणि सूर्याशी जुळवून घेतं. 19 वर्षांत 7 वेळा त्यात जादा महिना येतो. आपला अधिक मास वेगवेगळ्या महिन्यांना चिकटतो, त्यांचा जादा महिना मात्र नेहमी अदारच्या जागीच येतो. त्यामुळे बहुतेक वर्षी दोन्ही पंचांगं हातात हात घालून चालतात आणि मधूनच एखाद्या वर्षी महिनाभराचं अंतर पडतं. 2025 मध्ये 22 सप्टेंबरला सकाळी शेजारी घट बसले आणि त्याच संध्याकाळी आमचं नवं वर्ष, 5786, सुरू झालं. 2023 मध्ये अधिक श्रावण होता, तर आमचा नव्याचा सण गणपतीच्या चार दिवस आधीच येऊन गेला. पुरीम फाल्गुन पौर्णिमेच्या आसपास येतो, म्हणून तर तो होळीचा सण. 2025 मध्ये 13 मार्चच्या रात्री इमारतीच्या आवारात होळी पेटली होती आणि वर घरात एस्तेरची कथा वाचली जात होती.

पहिल्या वर्षी एकच सण

सगळं एकदम करायला गेलात तर तिश्री महिनाच तुम्हाला आडवा करेल. नवं वर्ष, उपास, किप्पूर, सुक्कोथ (मांडवांचा सण), सिम्हाथ तोरा (तोरा वाचून पूर्ण झाल्याचा आनंद), तीन-चार आठवड्यांत सगळं. एकच निवडा. निवडताना कुठला सण मोठा ते बघू नका. कुठल्या सणाची एखादी गोष्ट तुमच्या अंगात अजून आहे ते बघा. वास, चव, एखादी ओळ, काहीही चालेल.

काहीच आठवत नसेल तर माझा सल्ला: मलिद्यापासून, म्हणजे आशीर्वचनं म्हणून खायच्या गोड पोह्यांच्या आणि फळांच्या ताटापासून, सुरू करा. त्याला उपास लागत नाही, हिब्रू थोडं पुरतं, आणि हा सगळा प्रकार अस्सल आपला आहे.

तू बिश्वात, म्हणजे शेवात महिन्याची पौर्णिमा, हा झाडांचा नवा वर्षारंभ. जगभरचे यहुदी या दिवशी फळं खातात. आमच्याकडे त्याला एलियाहू हन्नबीची, म्हणजे एलिया संदेष्ट्याची, आठवण जोडलेली आहे. अलिबागजवळच्या खंडाळ्यात (घाटातला नव्हे) एक खडक आहे. एलिया संदेष्टा तिथे उतरून स्वर्गात गेला आणि खडकावर त्याच्या रथाच्या खुणा उमटल्या, असं मानतात. लोक तिथे नवस बोलतात आणि फेडतात. नवस हा शब्द आणि एलिया संदेष्टा एका वाक्यात येतात ते बहुधा फक्त आमच्याकडेच. मलिदा मात्र या एका दिवसापुरता नाही. नवं घर, मेंदी, परीक्षा, बरं झालेलं आजारपण, कुठल्याही निमित्ताने होतो.

कृती अशी. चार वाट्या जाड पोहे धुऊन निथळत ठेवा, वीसेक मिनिटांत मऊ होतात. दोन वाट्या ओलं खोबरं, वाटी-दीड वाटी साखर, वेलचीपूड, बदाम-पिस्ते-मनुका घालून हलक्या हाताने कालवा. साखरेऐवजी गूळ घालणारी घरंही आहेत. मोठ्या ताटात शीग रचा आणि भोवती फळं मांडा. खजूर, सफरचंद, केळी, मोसमात जे असेल ते. एखादं सुवासिक फूल किंवा पानही ठेवा.

यातली खरी गंमत पुढे आहे. प्रत्येक प्रकाराची बेराखा, म्हणजे आशीर्वचन, वेगळी. झाडाच्या फळाची निराळी, जमिनीतून येणाऱ्याची निराळी, सुगंधाची निराळी. आणि केळं झाडाच्या फळांत बसत नाही, ते जमिनीच्या फळांत मोडतं, कारण केळीला लाकडाचं खोड नसतं आणि घड दिल्यावर ती संपते. लहान मुलांना केळं हातात देऊन विचारा, "हे झाडाचं की जमिनीचं?" मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिशी ओलांडली होती, आणि खाण्याआधी पदार्थाकडे नीट बघायचं असतं हे तेव्हा कळलं. बेराखा तोंडपाठ नसतील तर देवनागरीत लिहून समोर ठेवा. मी अजून ठेवते.

मध्ये 'एलियाहू हन्नबी' हे गाणं म्हटलं जातं. चाल येत नसेल तर एखाद्या लग्नातल्या मेंदीला जा, एका रात्रीत येईल.

पेसाह करायचा असेल तर हिंगाची डबी बघा

दुसऱ्या वर्षासाठी हा सण चांगला, कारण त्याची रचनाच नवख्यांसाठी केलेली आहे. सेदरच्या, म्हणजे पेसाहच्या विधिवत जेवणाच्या, रात्री सगळ्यात लहान मूल प्रश्न विचारतं, 'ही रात्र इतर रात्रींहून वेगळी का?', आणि मोठे उत्तर देतात. न कळणाऱ्याने विचारायचं, हा त्या रात्रीचा विधीच आहे.

तयारीत गहू, जव, ओट, राय, स्पेल्ट या पाच धान्यांचं आंबलेलं घराबाहेर काढायचं. मराठी स्वयंपाकघरात म्हणजे पोळीची कणीक, रवा, मैदा, शेवया, पाव, बिस्किटं. आणि हिंग! बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, डबीवर वाचा. हे मला कुठल्याही परदेशी यादीत सापडलं नाही, आमच्या इमारतीतल्या एका काकूंनी सांगितलं. तांदूळ मात्र आमच्याकडे चालतो. युरोपातून आलेल्या यहुद्यांच्या याद्यांत तो वर्ज्य दिसेल, घाबरू नका, ती त्यांची रीत. इस्राएलमध्ये सण सात दिवसांचा आणि सेदर एक, बाहेर आठ दिवस आणि सेदर दोन.

द्राक्षारसाच्या जागी आमच्याकडे काळ्या मनुकांचं शरबत चालत आलं आहे. मनुका रात्रभर भिजवा, कुस्करा, गाळा, झालं. शुक्रवारच्या किद्दूशलाही (पेल्यावर म्हणायच्या आशीर्वचनालाही) हेच. खारोसेथ म्हणजे विटांच्या चिखलाची आठवण देणारा गोड लेप. तो खजुराचा करतात.

वाचायला हग्गादा, म्हणजे सेदरची पोथी, लागते आणि ती मराठीत आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मुंबईत 1846 मध्ये मराठी भाषांतरासह हग्गादा छापली गेली. पुण्याची 1874 ची हग्गादा तर सचित्र आहे आणि तिच्यात मात्झाच्या, म्हणजे बेखमीर पोळीच्या, कामात गुंतलेल्या बाया लुगड्यात आहेत. मिसरमधून सुटलेल्या बाया आणि पुण्यातल्या स्वयंपाकघरातल्या बाया यांत त्या चित्रकाराने फरक केलेला नाही. 'प्रत्येक पिढीत माणसाने स्वतःच मिसरमधून बाहेर पडलो असं समजावं' असं हग्गादा सांगते, ते त्याने इतक्या साध्या पद्धतीने करून टाकलं. ते चित्र शोधून एकदा बघाच.

पहिल्यांदा मी एकटीने सेदर केला तेव्हा पुस्तकातलं अक्षरन् अक्षर वाचलं. रात्री साडेअकरा वाजले, मुलं मात्झा हातात धरून झोपली आणि नवरा उपाशी चेहऱ्याने पानं उलटत बसला. तुम्ही असं करू नका. चार प्रश्न, दहा पीडा, मात्झा, कडू भाजी, खजुराचा लेप आणि जेवण. बाकीचं मराठीत गोष्ट म्हणून सांगा. मग कडू भाजीची पाळी आली की प्रत्येकाने या वर्षातली एक कडू गोष्ट सांगायची, ही आमची घरची भर आहे. पहिल्या वर्षी सगळे लाजले. दुसऱ्या वर्षी सासूबाईंनी जे सांगितलं ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

दार फाळणी

किप्पूरबद्दल जरा थांबून लिहिते, कारण लोक इथूनच सुरुवात करायला बघतात आणि पंचवीस तासांच्या उपासात दमून सोडून देतात.

जुन्या काळी आमचे लोक या दिवशी घर झाडून-सारवून, अंघोळ करून, पांढरे कपडे घालून दार लावून घेत. बाहेरच्यांशी स्पर्श नाही, बोलणं नाही. शेजाऱ्यांना एवढंच दिसायचं की आज तेल्यांची दारं बंद. योम किप्पूरच्या शेवटच्या प्रार्थनेचं नाव आहे नेइला, आणि त्या शब्दाचा अर्थही दार बंद होणं असाच आहे. स्वर्गाचं दार मिटायच्या आत काय ते बोलून घ्या, असा तिचा भाव. कोकणातल्या लोकांकडे नेइलाची पोथी नव्हती, पण सणाला नाव त्यांनी दाराचंच दिलं. योगायोग असेल. मला तो पुरतो. मुंबईतल्या सगळ्यात जुन्या, 1796 च्या सिनेगॉगचं नाव 'दयेचं दार' आणि आमच्या ठाण्यातल्या 1879 च्या सिनेगॉगचं 'स्वर्गाचं दार' आहे, हेही जाता जाता सांगून ठेवते.

नवख्याने काय करावं? मधुमेह, गरोदरपण, औषधं असतील तर उपास करू नका. जीव वाचवणं उपासाच्या वर आहे, हे धर्मच सांगतो. बाकीच्यांनी आदल्या दिवशी चहा हळूहळू कमी करावा, डोकं दुखतं ते भुकेने कमी आणि चहावाचून जास्त.

मुख्य काम उपासाआधीचं आहे. देवाशी झालेल्या चुका किप्पूरला मिटतात, माणसाशी झालेल्या त्या माणसाकडे गेल्याशिवाय मिटत नाहीत. नव्याचा सण आणि किप्पूर यांच्यातल्या दहा दिवसांत एका माणसाला फोन करा. एकालाच. गटावर 'काही चुकलं असेल तर माफ करा' असा निरोप टाकणं म्हणजे कुणालाच न विचारणं. आमच्याकडे हातबोशी आहे ती यासाठी फार उपयोगी पडते. समोरच्याचे हात आपल्या हातांत घ्यायचे आणि मग आपली बोटं ओठांना लावायची. ज्याच्याशी वर्षभर बोलणं बंद आहे त्याला "सॉरी" म्हणवत नाही, पण सिनेगॉगच्या दारात हात पुढे आला तर मागे घेववत नाही.

मग दिवसभर एक दार खरंच बंद ठेवा. मी मोबाइल कपाटात ठेवते आणि कपाटाला कुलूप लावते.

सिनेगॉगला जाताना

आधी फोन करा. मी एकदा मुंबईत तीन गाड्या बदलून गेले आणि दाराला कुलूप. दहा पुरुष जमल्याशिवाय पुरी प्रार्थना होत नाही आणि काही ठिकाणी आता तेवढे दर आठवड्याला जमत नाहीत. दारावर पोलीस असतात, ओळखपत्र लागेल. पुरुषांनी टोपी घालावी, बायकांची जागा बहुधा वर सज्जात असते. शब्बाथला (शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी) आणि सणाच्या दिवशी फोटो काढू नका. आत शिरताना दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला (आत धर्मवचनांची गुंडाळी असलेल्या डबीला) हात लावून बोटं ओठांशी नेतात. नाही जमलं तर कुणी रागवत नाही. कुठलं पान चालू आहे ते शेजारच्याला विचारा. सांगायला सगळ्यांना आवडतं.

घरात दुसरा धर्म असेल तर

आता बहुतेक घरांत असतोच. सुनेला किंवा जावयाला आधी प्रार्थना शिकवू नका, हाताला काम द्या. वाल सोलायला बसवा.

बिरड्याच्या सणाला, जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या शोकाच्या उपासाला जोडून, वालाचं बिरडं होतं. वाल रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा. तासभर जातो. तिशा बआवला जमिनीवर बसून विलापगीतं वाचायची रीत आहे. आदल्या दिवशी आम्ही सगळ्या वाल सोलायला जमिनीवरच बसतो आणि बोलणं आपोआप गेलेल्या माणसांवर येतं. माझी जाऊ सीकेपी घरातली, तिला बिरडं आमच्याहून चांगलं येतं. तिने पहिल्या वर्षी विचारलं, "मंदिर दोन हजार वर्षांपूर्वी पडलं, तुम्ही अजून कसं रडता?" कुणी उत्तर दिलं नाही. थोड्या वेळाने तीच तिच्या आईच्या विकलेल्या घराबद्दल बोलायला लागली.

मटणाबरोबर दुधाचं खात नाहीत, म्हणून आमची गोडं नारळाच्या दुधात असतात. नव्याच्या सणाचा चिकाचा हलवा हा त्यातला राजा. कुरडयांसाठी काढतात तोच गव्हाचा चीक, नारळाचं दूध आणि साखर घालून ढवळत राहायचं. हात भरून येतात, तेव्हा पाहुण्यांनाही पाळी द्या. ढवळायला लागला की तो पाहुणा उरत नाही.

वही

एक साधी वही करा. सणाचं आजीने सांगितलेलं नाव, हिब्रू नाव, काय केलं, कोण होतं, काय फसलं, पुढच्या वर्षी काय एक जास्त करायचं, एवढंच लिहायचं. इस्राएलमध्ये डिमोना, लोद, अश्दोदकडे गेलेल्या नातेवाइकांना त्या पानाचा फोटो पाठवा. तिकडून हमखास दुरुस्ती येते, "आत्या खोबऱ्याबरोबर जायफळ पण घालायची." तीही वहीत लिहा.

एक मात्र पाळा, सणाच्या दिवशी लिहू नका, त्या दिवशी लिहिणं हे काम धरलं जातं. दुसऱ्या दिवशी, उरलेलं गरम करून खाताना लिहा. किप्पूरनंतरच्या त्या दिवसाला तर नावच शिळा सण आहे.